‘बहुपक्षीय’ हा शब्द कधी आणि कसा वापरावा

आंतरराष्ट्रीय घडामोडींवर मराठीत लिहिताना ‘बहुपक्षीय’ हा शब्द टाळता येत नाही. संयुक्त राष्ट्रे, जागतिक व्यापार संघटना, विकास बँकांची कर्जे, नौदलांचे संयुक्त सराव यांपैकी कोणत्याही विषयाला हात घातला की तो येतोच. मात्र पुष्कळदा तो ‘मोठा’, ‘महत्त्वाचा’ किंवा ‘बऱ्याच देशांचा’ एवढ्याच अर्थाने लिहिला जातो आणि वाचकाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. या शब्दाला नेमका अर्थ आहे आणि तो जपला पाहिजे, कारण देशांचे एकमेकांशी असलेले संबंध नेमके कोणत्या प्रकारचे आहेत हे त्यावरून ठरते. म्हणून तो लिहिण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी असावीत: या व्यवहारातले पक्ष कोण आहेत, आणि त्या सर्वांना लागू होणारा सामाईक नियम कोणता आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर बहुधा दुसराच शब्द हवा आहे.

आधी ‘पक्ष’ कोण ते ठरवावे

मराठीत ‘पक्ष’ म्हटले की आधी राजकीय पक्ष डोळ्यांसमोर येतो, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. ‘बहुपक्षीय’ मधला पक्ष हा करारातला पक्ष आहे. न्यायालयात ज्याला आपण ‘पक्षकार’ म्हणतो त्याच्या जवळचा. घर घेताना ग्राहक, बिल्डर आणि कर्ज देणारी बँक यांच्यात त्रिपक्षीय करारनामा होतो, तेव्हा पक्ष म्हणजे सही करून जबाबदारी स्वीकारणारी बाजू, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय व्यवहारात ही बाजू म्हणजे एखादा देश, किंवा देशांनी अधिकार दिलेली युरोपीय संघासारखी संघटना.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर भारताने सात शिष्टमंडळे वेगवेगळ्या देशांत पाठवली. त्यांपैकी एकाचे नेतृत्व सुप्रिया सुळे यांच्याकडे, तर दुसऱ्या एकाचे श्रीकांत शिंदे यांच्याकडे होते. ही शिष्टमंडळे ‘सर्वपक्षीय’ होती, कारण त्यांत निरनिराळ्या राजकीय पक्षांचे खासदार होते. त्यांना ‘बहुपक्षीय शिष्टमंडळ’ म्हणता येणार नाही. खासदार कितीही पक्षांचे असले तरी ते एकाच देशाची बाजू मांडायला गेले होते. याच कारणाने, ज्या देशात अनेक राजकीय पक्ष निवडणुका लढवतात त्या व्यवस्थेला ‘बहुपक्ष पद्धती’ म्हणावे आणि ‘बहुपक्षीय’ हे विशेषण देशादेशांतील व्यवहारासाठी राखून ठेवावे. दोन्ही अर्थ एकाच लेखात आले, तर वाचकाची दिशाभूल होणार हे ठरलेलेच.

संख्या पुरेशी नाही, नियमही हवा

एका देशाने स्वतःच घेतलेला निर्णय एकतर्फी किंवा एकपक्षीय, दोघांमधला व्यवहार द्विपक्षीय, तिघांमधला त्रिपक्षीय, ही चढण सरळ आहे. अमेरिकेतील अभ्यासक रॉबर्ट कोहेन यांनी १९९० मध्ये बहुपक्षीय सहकार्याची व्याख्या अशीच संख्येवर केली होती: तीन किंवा अधिक देशांनी आपापल्या धोरणांचा मेळ घालणे. पुढे याच विषयाचे दुसरे अभ्यासक जॉन रगी यांनी त्यावर योग्य आक्षेप घेतला. त्यांच्या म्हणण्यानुसार किती देश जमले यापेक्षा ते कोणत्या तत्त्वावर जमले हे पाहायला हवे. त्या क्षणी कोणाचा काय फायदा आहे याचा विचार न करता सर्वांना सारखे लागू होणारे तत्त्व असेल, तरच त्या सहकार्याला बहुपक्षीय म्हणण्यात अर्थ आहे. मराठीत लिहिणाऱ्याने रगी यांची कसोटी वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण केवळ संख्येवर गेल्यास हा शब्द ‘अनेक देशांचा’ याहून अधिक काही सांगत नाही.

ही कसोटी समजून घ्यायला टपालासारखे दुसरे उदाहरण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी पत्र पाठवायचे, तर दोन देशांच्या टपालखात्यांमध्ये स्वतंत्र करार असावा लागे. पत्र तिसऱ्या देशातून जाणार असेल तर त्याची आकारणी वेगळी, वजनाची मापे वेगळी, हिशेब वेगळा. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी एक करार करून टपाल संघ उभारला आणि सर्व सदस्य देशांचा प्रदेश हा पत्रांच्या देवाणघेवाणीपुरता एकच टपाल-प्रदेश मानला. परदेशी पत्रासाठी साधारण एकसारखा दर आला, प्रत्येक देशाने आपण गोळा केलेला टपालखर्च स्वतःकडेच ठेवायचा असे ठरले, आणि बाहेरून आलेल्या पत्राला आपल्या देशातल्या पत्राइतकीच चांगली वागणूक देणे सर्वांवर बंधनकारक झाले. भारत १८७६ मध्ये या संघात आला. आपण ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन पाळतो तो याच करारामुळे. या २२ देशांनी एकमेकांशी जोडीजोडीने करार करायचे ठरवले असते, तर २३१ करार लागले असते. आज संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेल्या १९३ देशांसाठी हाच आकडा १८,५२८ होतो. त्या सगळ्या जोड्यांच्या जागी सर्वांसाठी एकच करार आला, म्हणून टपाल संघाच्या कराराला बहुपक्षीय म्हणायचे.

व्यापारातही हेच दिसते. ऑक्टोबर १९४७ मध्ये जिनिव्हात २३ देशांनी आयात शुल्क आणि व्यापार यांविषयीच्या सर्वसाधारण करारावर, म्हणजे ‘गॅट’वर सह्या केल्या, भारत त्या मूळ देशांपैकी एक होता. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, तेव्हा गॅटचे नियम तिच्याकडे आले. त्यातले पहिलेच कलम ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ या तत्त्वाचे आहे. नावावरून एखाद्या लाडक्या देशाला दिलेली खास सवलत वाटते. प्रत्यक्षात अर्थ नेमका उलट आहे. एका सदस्य देशाच्या मालावर जे शुल्क लावाल तेच इतर सर्व सदस्यांच्या तशाच मालावर लावायचे, असे ते कलम सांगते. पुलवामा हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानचा हा दर्जा काढून घेतला, तेव्हा ‘विशेष दर्जा रद्द’ अशी वाक्ये अनेकांनी वाचली असतील. भारताने पाकिस्तानला सर्वसाधारण समान वागणुकीतून वगळले, असे लिहिले असते तर अर्थ नीट पोहोचला असता. बहुपक्षीय व्यवस्थेचा गाभा समजला नाही की बातमीचा अर्थ असा उलटतो.

येथे एक सावधगिरी हवी. नियम समान असला म्हणजे प्रत्येकावरचा भार समान असतोच असे नाही. ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठी १६ सप्टेंबर १९८७ रोजी झालेल्या माँट्रियल करारात सर्व देशांनी ठरावीक रसायने बंद करायची आहेत, पण विकसनशील देशांना त्यासाठी दहा वर्षांची सवड देण्यात आली, आणि त्यांच्या कारखान्यांना नवे तंत्र घेता यावे म्हणून श्रीमंत देशांच्या वर्गणीतून एक निधी उभारण्यात आला. त्या निधीचे नावच ‘बहुपक्षीय निधी’ असे आहे. सवलत आहे म्हणून या कराराला बहुपक्षीय म्हणू नये, असा आक्षेप कोणी घेतला तर तो टिकणार नाही; कारण सवलत कोणाला मिळावी हेसुद्धा सर्वांनी मिळून, निकष ठरवून ठरवलेले आहे.

कर्ज कोणाचे, हे पाहून शब्द निवडावा

महाराष्ट्रातील वाचकाला हा शब्द सर्वांत जास्त भेटतो तो विकास प्रकल्पांच्या बातम्यांत, आणि तिथेच त्याचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. मुंबईची कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही मेट्रो ३ जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जावर उभी राहिली. जायका ही जपान सरकारची संस्था. म्हणून हे सहाय्य द्विपक्षीय. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या आणि फ्रान्सच्या सरकारी वित्तसंस्थांनी कर्ज दिले. तिथे सावकार दोन असले तरी प्रत्येक कर्ज द्विपक्षीयच, आणि दोघांची बेरीज करून त्याला बहुपक्षीय म्हणता येत नाही. याउलट मुंबईच्या मेट्रो २ अ, २ ब आणि ७ या मार्गांसाठी आशियाई विकास बँकेने २०१९ मध्ये ९२.६ कोटी डॉलरचे कर्ज दिले. ही बँक अनेक देशांच्या भांडवलावर चालते, त्यांच्या प्रतिनिधींचे संचालक मंडळ कर्जे मंजूर करते, आणि कर्ज घेणारा भारत स्वतः तिचा १९६६ पासूनचा संस्थापक सदस्य आहे. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांना ‘पोकरा’ या नावाने परिचित असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी २०१८ मध्ये जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर मंजूर केले; तेही बहुपक्षीय संस्थेचे सहाय्य.

मात्र बारकाईने पाहा: आशियाई विकास बँकेच्या कर्जाच्या मूळ करारावर एका बाजूला भारत सरकार आणि दुसऱ्या बाजूला बँक असते. म्हणजे संस्था बहुपक्षीय, पण कर्जाचा करार बहुपक्षीय नाही. ‘मेट्रोसाठी बहुपक्षीय करार’ असे न लिहिता ‘मेट्रोसाठी बहुपक्षीय विकास बँकेचे कर्ज’ असे लिहावे. पुणे मेट्रोला कर्ज देणारी युरोपीय गुंतवणूक बँक युरोपीय संघाच्या सदस्य देशांच्या मालकीची आहे. भारत तिचा सदस्य नाही, तरी ती बहुपक्षीयच, कारण हे विशेषण तिच्या मालकांवरून आणि कारभारावरून ठरते, कर्जदारावरून नाही.

या बँकांच्या इतिहासात एका मराठी माणसाची महत्त्वाची नोंद आहे आणि ती विसरली जाऊ नये असे मला वाटते. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता, तरी परिषदेत त्याला स्वतंत्र पक्ष म्हणून स्थान होते, आणि त्याच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. नाणेनिधीच्या घटनेच्या पहिल्याच कलमात देशांमधील चालू व्यवहारांसाठी ‘बहुपक्षीय’ देयक-व्यवस्था उभारण्यास मदत करणे हे उद्दिष्ट लिहिलेले आहे. एका देशाकडून मिळालेले चलन दुसऱ्या देशाचे देणे फेडायला वापरता यावे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. महायुद्धापूर्वी अनेक देशांनी व्यापार जोडीजोडीच्या हिशेबात अडकवून ठेवला होता. त्याला हे उत्तर होते.

संख्या ठाऊक असेल तर संख्या लिहावी

‘बहु’ हा उपसर्ग अज्ञानाचे पांघरूण होऊ नये. पक्ष तीन असतील तर ‘त्रिपक्षीय’, चार असतील तर सरळ ‘चार देशांचा’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक. मलबार नौदल सरावाचे उदाहरण घ्या. १९९२ मध्ये तो भारत आणि अमेरिका यांचा द्विपक्षीय सराव म्हणून सुरू झाला. २०१५ पासून जपान कायमचा सहभागी झाल्यावर तो त्रिपक्षीय झाला, आणि २०२० पासून ऑस्ट्रेलियाही त्यात आहे. मधल्या काही वर्षी, विशेषतः २००७ मध्ये, आणखी देश त्यात आले होते. त्यामुळे ‘मलबार हा बहुपक्षीय सराव’ असे एकच वाक्य सगळ्या वर्षांसाठी लिहिले, तर तीस वर्षांत भारताच्या परराष्ट्र धोरणात झालेला मोठा बदल त्या एका शब्दाखाली गाडला जातो.

पुण्याजवळच्या औंध लष्करी केंद्रात मार्च २०१६ मध्ये ‘फोर्स १८’ हा सराव झाला, त्यात आसियान ही आग्नेय आशियाई देशांची संघटना आणि तिचे सहकारी मिळून १८ देशांच्या तुकड्या होत्या. त्याला ‘बहुराष्ट्रीय सराव’ म्हटले गेले आणि ते बरोबरच आहे. ‘बहुराष्ट्रीय’ हा शब्द कोण कोण आहेत ते सांगतो, म्हणूनच तो अनेक देशांत धंदा करणाऱ्या कंपनीलाही चालतो. ‘बहुपक्षीय कंपनी’ असे कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. ‘बहुध्रुवीय’ हा शब्द सत्ता कशी विभागली आहे ते सांगतो: जगात तीन किंवा अधिक तुल्यबळ सत्ता असतील तर जग बहुध्रुवीय. असे बहुध्रुवीय जग आपसांत नियम न मानता भांडत बसू शकते, म्हणून ‘बहुध्रुवीय’ आणि ‘बहुपक्षीय’ हे समानार्थी नाहीत. ‘बहुआयामी’ आणि ‘बहुस्तरीय’ यांचा तर देशांच्या संख्येशी संबंधच नाही.

याहून नाजूक फरक इंटरनेटच्या कारभारात दिसतो. संकेतस्थळांची नावे आणि पत्ते यांची जागतिक व्यवस्था सरकारांनी मिळून चालवावी असे म्हटले तर ती बहुपक्षीय पद्धती. सरकारांबरोबर कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरी संघटना यांनाही समान स्थान असावे असे म्हटले तर ती ‘बहुहितधारक’ पद्धती. भारताची भूमिका पूर्वी पहिल्या बाजूला झुकलेली होती. जून २०१५ मध्ये सरकारने दुसऱ्या पद्धतीला पाठिंबा जाहीर केला. हा धोरणातला बदल होता, आणि ज्याने दोन्हीसाठी एकच मराठी शब्द वापरला त्याच्या वाचकाला तो कळणे शक्य नव्हते.

व्यापारात आणखी एक गट मध्ये येतो: मोजक्या देशांनी आपसांत केलेला, इतरांना त्याचा लाभ न देणारा करार. भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्यातून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी १५ देशांनी ज्यावर सह्या केल्या तो ‘आरसेप’ हा आशिया-पॅसिफिक देशांचा व्यापार करार, किंवा स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टनस्टाइन या चार देशांशी भारताने मार्च २०२४ मध्ये केलेला करार, यांना व्यापाराच्या भाषेत बहुपक्षीय म्हणत नाहीत. ‘प्रादेशिक करार’ किंवा ‘ठरावीक देशांपुरता करार’ असे लिहावे. जागतिक व्यापार संघटनेच्या सर्व सदस्यांना लागू होणाऱ्या करारासाठीच तिथे ‘बहुपक्षीय’ हा शब्द राखून ठेवलेला असतो.

जिथे भारत जाणूनबुजून ‘द्विपक्षीय’ म्हणतो

दक्षिण आशियाविषयी लिहिताना शब्दाची ही निवड राजनैतिक भूमिकाच असते. २ जुलै १९७२ च्या सिमला करारात भारत आणि पाकिस्तान यांनी आपले मतभेद द्विपक्षीय वाटाघाटींनी, किंवा दोघांना मान्य असलेल्या अन्य शांततामय मार्गांनी सोडवण्याचे ठरवले. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेतील दहावे कलम तर द्विपक्षीय आणि वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळण्यास सांगते. म्हणजे सार्क ही बहुपक्षीय संस्था आपल्या मूळ कायद्यानेच काही विषय द्विपक्षीय चौकटीत ठेवते. हे ज्याला ठाऊक आहे तो ‘सार्कमध्ये काश्मीरवर बहुपक्षीय चर्चा’ असे वाक्य सहज लिहिणार नाही.

सिंधू पाणीवाटप करारावर १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत तीन सह्या झाल्या: जवाहरलाल नेहरू, अयुब खान आणि जागतिक बँकेच्या वतीने विल्यम इलिफ. तीन सह्या पाहून तो त्रिपक्षीय वाटतो. पण बँकेची सही करारातील काही नेमून दिलेल्या कलमांपुरती आहे. पाण्याचे हक्क आणि बंधने ही दोन देशांचीच. एप्रिल २०२५ मध्ये भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले, तेव्हाही त्याचे वर्णन ‘जागतिक बँकेच्या मध्यस्थीने झालेला द्विपक्षीय करार’ असेच करायला हवे होते.

लेखनातल्या बारीक गोष्टी

‘बहुपक्षीय’ मध्ये ‘क्षी’ दीर्घ आहे. ‘बहुपक्षिय’ हे अशुद्ध. विशेषण म्हणून त्याचे रूप बदलत नाही: बहुपक्षीय करार, बहुपक्षीय संस्था, बहुपक्षीय व्यासपीठे. ‘बहुपक्षीयपणे’ असे ओढूनताणून क्रियाविशेषण करण्यापेक्षा ‘बहुपक्षीय मार्गाने’ किंवा ‘बहुपक्षीय चौकटीत’ लिहिले की वाक्य मोकळे होते. देशाला, नेत्याला किंवा भेटीला हे विशेषण लावू नये.

नामे दोन आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. एखाद्या व्यवस्थेचा गुणधर्म सांगायचा असेल तर ‘बहुपक्षीयता’. तो मार्ग श्रेयस्कर मानणारी धोरणदृष्टी सांगायची असेल तर ‘बहुपक्षवाद’. भारत सुरक्षा परिषदेचा अध्यक्ष असताना डिसेंबर २०२२ मध्ये परिषदेत ‘सुधारित बहुपक्षवाद’ या विषयावर खुली चर्चा ठेवली होती. तिथे ‘सुधारित बहुपक्षीयता’ म्हटले असते तर अर्थ सैल झाला असता, कारण मागणी १९४५ च्या जगावर बेतलेल्या संस्थांना आजच्या जगाशी जुळवून घेण्याची होती. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ पासून २४ एप्रिल हा दिवसही बहुपक्षवादासाठी ठेवला आहे.

प्रत्यक्ष संपादनात हे कसे करायचे ते एका वाक्यावर पाहू. ‘हवामान बदलाबाबत भारताने बहुपक्षीय सहकार्यावर भर दिला’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते रिकामे आहे. त्यात पक्ष आणि नियम भरले की ते असे होते: ‘२०१५ च्या पॅरिस करारानुसार प्रत्येक देशाने दर पाच वर्षांनी आपले उद्दिष्ट जाहीर करायचे आहे, ही बहुपक्षीय चौकट कायम राहावी आणि विकसित देशांनी तीत मान्य केलेले अर्थसहाय्य द्यावे, अशी भूमिका भारताने मांडली.’ वाक्य दुपटीहून लांब झाले, पण ‘बहुपक्षीय’ हा शब्द आता कोणत्या बंधनाविषयी बोलतो आहे ते त्यात दिसते.